तूट

मणेराजुरीच्या रस्त्याला, जुन्या पंपाच्या जागी
आता पत्र्याचं कुंपण आहे, आणि आत एक मशीन
रात्रंदिवस जमिनीतून वास ओढत असतं.
मी राखणीला असतो.
पूर्वी याच पंपाच्या वह्या लिहायचो, म्हणून
पट्टणशेट्टी मॅडमनी ही वहीसुद्धा मलाच दिली:
बोअर नंबर, पाण्याची पातळी,
वर तरंगणारा थर, मिलिमीटरमध्ये.

त्या बोअरमध्ये पारदर्शक नळी सोडतात.
दोरी सरकत जाते, काळी माती, मुरूम, फुटका खडक,
आणि नळी वर येते तेव्हा खाली पाणी,
त्याच्यावर चार बोटं पिवळसर काही,
एकमेकांना न भिजवता उभं.
"बघा काका, इतकी वर्षं हे इथंच होतं."
मी बघितलं.
मला माझं अक्षर आठवलं.

सकाळी सहाला दस्तगीर मुलाणी टाकीचं झाकण काढायचा,
पितळी काठी खाली सोडायचा,
ओली रेघ नखानं धरून आकडा सांगायचा.
मी विक्री वजा करायचो.
तूट: सहा लिटर. तूट: सात.
उन्हानं थोडं उडतं, हे मालकही धरून चालायचे.
पण थंडीतही सात.
दिवाळीच्या आठवड्यात अकरा.
मालकांनी वही मिटली नि माझ्याकडं बघितलं.
मी दस्तगीरकडं बघितलं.
एवढंच. बोललो काहीच नाही,
असं पुष्कळ वर्षं मी मला सांगत आलो.

अठ्ठ्याण्णवच्या संक्रांतीला तीन पगार कापून त्याला काढलं.
तूट काही थांबली नाही.
मी तिला दुसरं नाव दिलं: बाष्पीभवन.

जमदाडेंची विहीर खालच्या अंगाला, शंभर पावलांवर.
आधी म्हशीनं त्या पाण्याला तोंड लावायचं सोडलं.
मग बेदाण्याच्या शेडवरच्या बाया म्हणाल्या, हंड्याला वास येतोय.
मग कुणी काठावर बिडी पेटवायला गेला
आणि म्हाताऱ्या जमदाडेनं त्याच्या हातातली काडेपेटी हिसकून घेतली.
अर्ज झाले. टाक्या उपसल्या.
दुसऱ्या टाकीच्या पोटाला, जोडाजवळ,
मिरीएवढं भोक.
मी त्याला बोट लावून बघितलं.

प्रयोगशाळेच्या कागदावर एक शब्द होता: शिसं.
दोन हजारनंतरच्या पेट्रोलमध्ये ते नसतं, मॅडम म्हणाल्या,
म्हणजे गळती त्याच्या आधीपासूनची.
त्यांच्यासाठी ती फक्त तारीख होती.

कागद घेऊन मी मिरजेला गेलो.
दस्तगीर मुलाच्या दुकानात घमेल्यात ट्यूब बुडवून
बुडबुड्याची वाट बघत बसला होता.
चष्मा नव्हता त्याच्याजवळ. मीच वाचून दाखवलं,
शिसं म्हणताना जीभ अडखळली.
बुडबुडा आला. त्यानं खडूनं खूण केली.
"सापडलं म्हणायचं भोक," म्हणाला.
चहा सांगितला नाही.

इकडं उकरलेल्या मातीचे ढीग प्लास्टिकवर पसरलेत.
युरिया घालायचा, पाणी शिंपायचं, आठवड्याला खालवर करायचं,
शेणखतासारखं. त्यातले जीव पेट्रोल खातात म्हणे,
डोळ्यांना न दिसणारे, बिनपगारी.
किती वर्षं लागतील? मॅडम बोटं मोजतात आणि मध्येच सोडून देतात.

सोमवारी एस.टी.तून दस्तगीर उतरला.
कुणाला काही विचारलं नाही. नळी नाकाशी धरली.
"माल चोख होता. रॉकेलचा थेंब नव्हता त्यात."
मग मॅडमच्या हातातली दोरी घेतली,
नळी सोडली, ओढली, उजेडाकडं धरली,
अंगठ्याचं नख थराच्या रेघेवर.

"अडतीस."
मी लिहिलं.
"वाच."
मी वाचून दाखवलं.