बिनतारीला तार

टेकडीवरचं ते यंत्र
एका कानाने ऐकतं आणि दुसऱ्या कानाने सोडून देतं,
पण शब्दन् शब्द, आणि जरा मोठ्याने.
नेंटहेडच्या वर, शिशाच्या बंद खाणींपलीकडे,
दगडी खोप, वर मास्ट, भोवती मेंढ्या.
दरीतले आवाज जे डोंगराला थडकून तिथेच मरायचे
ते या खोपीतून एकमेकांना सापडतात.
नॉर्मन टीजडेलने ते एक्क्याऐंशी साली
बुडालेल्या टॅक्सी कंपनीच्या सेटमधून उभं केलं.

मी ब्रॉडबँडवाला. तारा ओढणं हाच माझा धंदा.
क्लबात मी इंटरनेटचं नाव काढलं
तेव्हा नॉर्मनने चहाचा मग खाली ठेवला.
"बिनतारीला तार जोडणार?
मग टेलिफोन काय वाईट होता?"
सात विरुद्ध दोन.
दोनातला एक मी. दुसरी गिलियन,
तिला वाटलं, बिस्किटांसाठी हात वर करायचाय.

फेब्रुवारीत तो जिन्यावरून पडला. खुब्याचं हाड.
हेक्समचं नर्सिंग होम, खोली नंबर चौदा.
खिडकीला अँटेना म्हटल्यावर मॅनेजरबाईंनी नियमांची फाईल काढली.
सेट उशाशी, पण मध्ये अख्खा डोंगर.
बटण दाबलं की खरखर,
सोडलं की तीही नाही.

पुन्हा मतदान झालं नाही. कुणी विषयही काढला नाही.
मिसेस बेनब्रिजने कोठारातलं वायफाय दिलं,
बदल्यात मुलाचा अडकणारा गेम माझ्याकडून सोडवून घेतला.
कोठार ते खोप सहाशे मीटर, मध्ये ओढा,
खणायला परवानगी नाही,
म्हणून दोन छोट्या डिश समोरासमोर लावल्या.
म्हणजे बघा, तारवाल्याने तार जोडली
आणि तीही बिनतारी.
पहिल्या रात्री राउटरने परस्पर पत्ता बदलला.
दुसऱ्या रात्री एका मेंढीने डिशला अंग घासलं
आणि आमचं इंटरनेट ढगांकडे तोंड करून बसलं.

शनिवारी मेरिव्हिकने, त्याच्या केअररने,
टॅबलेट त्याच्या हातात दिला.
डेरेकने शेताच्या मध्यात ट्रॅक्टर बंद केला होता.
या जोडणीत आवाज अर्धा सेकंद उशिरा पोचतो.
आम्ही एकमेकांच्या वाक्यांवर पाय देत होतो,
अर्धी गिलियन कापली गेली, अर्धा मी.
नॉर्मन तेवढा अख्खा ऐकू आला.
बटण दाबून एक श्वास थांबायचं,
समोरच्याचं संपलं की आणखी एक,
हे तो नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगायचा.
मलाही सांगितलं होतं.

"कसं आहे?"
त्याला यंत्र म्हणायचं होतं.
"बरं आहे."
"तू कुठे?"
मी खोपीतच होतो, पाठ भिंतीला टेकून.
"मग बोलू नकोस थोडा वेळ. नुसतं बटण धर."

धरलं.
पश्चिमेचा वारा पत्र्याखालून आत आला,
मास्टच्या तणाव्यांमध्ये घुमला,
ओढ्यावरून कोठारात, कोठारातून
लंडनच्या कुठल्याशा सर्व्हरला वळसा घालून
चौदा नंबरच्या खोलीत गेला असेल,
अर्धा सेकंद शिळा.
तीन मिनिटं कुणी बटण सोडलं नाही
तर यंत्र त्याला गप्प करतं.
बडबड्यांसाठी ती सोय नॉर्मननेच बसवलेली.
गप्प करेपर्यंत धरून ठेवलं.

मग तिकडचा एक श्वास.
आणि:
"दार नीट लावलेलं नाहीस. कडी वाजतेय.
उंदीर शिरतात."

उठून पाहिलं.
वाजत होती.
दोन हातांवर बसून मला ऐकू आली नव्हती.