म्हणे

पाउकारताम्बोच्या वर, बटाट्याच्या शेवटच्या शेतापाशी
तंबू पडले, दिवे आले, जनरेटर धडधडला.
मी दुभाषा. रोजावर. जेवण त्यांचं, बूट माझे.

पटकथेत असं होतं :
नायक भाषाशास्त्रज्ञ आहे, म्हणून त्याला सोळा भाषा येतात
(जसे डॉक्टरला सोळा आजार असावेत).
शेकोटीजवळ तो क्वेचुआ ऐकतो,
डोळे मिटतो,
उजाडेपर्यंत शिकलेला असतो.
माझ्या आईला मला शिकवायला सहा वर्षं लागली,
तीही अधूनमधून कानफटात देऊन.

सातुर्निना कोंडोरीच्या वाट्याला एकच वाक्य :
सूर्य. दगड. ते आले.
ती म्हणाली, असं कोण बोलतं? तापात?
ब्रूनो म्हणाला, आजी, प्राचीन वाटायला हवं.
प्राचीन कसली रे,
आज सकाळीच तर मेंढीला शिव्या घातल्या मी हिच्यात.

मग नायक दरीकडे बघून हळूच म्हणाला,
यांच्या भाषेत 'उद्या'ला शब्दच नाही,
म्हणून यांना काळाचं भय नाही.
मी तिला ते सांगितलं. ती माझ्याकडे बघतच राहिली.
"पाकारिन," ती म्हणाली.
"पाकारिन देतो पैसे, असं परवापासून सांगतोय ना तो?
तूच तर सांगतोस त्याचं मला."

शेवटचा प्रसंग. नायक आमच्या भाषेत गरजला :
पाचशे वर्षांपूर्वी इथे तारे उतरले!
आणि सगळा गाव हसत सुटला.
त्याचं काय आहे,
आमच्यात शब्दाच्या शेपटाला 'मि' लावलं
तर ते मी डोळ्यांनी पाहिलं, माझ्यावर सोड.
'सि' लावलं, तर नुसतं म्हणे.
त्याने 'मि' लावलं होतं.
मागून कुणीतरी ओरडलं, तू होतास का रे तिथे?
सात टेक वाया गेले. आठव्याला आम्हालाच हाकललं.

पुढच्या वर्षी बटाटे काढताना
सातुर्निना पोरांना सांगत होती :
एक गोरा आला म्हणे. एका रात्रीत शिकला म्हणे.
तारे त्याच्याशी बोलले म्हणे.
पोरं माती झाडत ऐकत होती.

आणि पैसे दिले नाहीत,
ती म्हणाली,
आणि इथे तिने 'मि' लावलं.