देश निवडा

रविवारी चर्चच्या हॉलमध्ये जुन्या कॉम्प्युटरांचा बाजार भरायचा.
तिथून बारा पौंडांना आणलं ते टीव्ही ट्यूनर कार्ड.
खोका नव्हता, स्क्रू नव्हता,
सीडीवर कुणाच्या तरी चहाच्या कपाचं वर्तुळ.

हडर्सफील्ड, दोन हजार तीनचा जानेवारी.
आपल्या खिडकीतून एमली मूरचा मनोरा दिसायचा,
म्हणजे धुकं नसेल तेव्हा,
म्हणजे क्वचितच.
रात्री त्याचे तांबडे दिवे तेवढे अधांतरी.

रेडिएटरला हात लावून आधी अंगातली वीज उतरवली,
मग पांढऱ्या खाचेत कार्ड दाबलं,
स्क्रूच्या जागी बसच्या तिकिटाची घडी.
छपरावरच्या अँटेनाची केबल खिडकीच्या फटीतून आत घेतली,
तिच्यामागून थंडीही आली.
फटीत तुझा एक पायमोजा कोंबला, सुनेत्रा,
ज्याचा जोडीदार लाँड्रीत हरवला होता तो.

ड्रायव्हर तीनदा घातला, तीनदा काढला.
चौथ्यांदा पडद्यावर चौकट आली:
देश निवडा.
यात विचार कसला करायचा?
भारत.

आकडे पळाले. मुंग्या, मुंग्या, नुसत्या मुंग्या,
आणि त्यांतून एक बाई वर आली,
हवामान सांगणारी, तळहाताखाली अख्खं यॉर्कशर.
ओठ हलत होते.
आवाज नव्हता.

मी तार बदलली. मिक्सरमधली एकेक खूण तपासली.
साउंड कार्डाच्या सात पिढ्या उद्धरल्या.
तीन रात्री बाई मुकी.

चौथ्या रात्री खालचा हर्स्ट शिडी मागायला वर आला.
जन्मभर टीव्ही दुरुस्त केलेला माणूस,
न बसताच म्हणाला,
चित्र दोन्हीकडे सारखंच असतं हो,
आवाज तेवढा तुमच्याकडे साडेपाचवर बसतो, आमच्याकडे सहावर.
अर्ध्या मेगाहर्ट्झचा तर प्रश्न.

मी यादीत खाली गेलो. बराच खाली.
युनायटेड किंगडम.
आणि बाई एकदम मोठ्यानं म्हणाली,
टेकड्यांवर उद्या बर्फ.
हर्स्ट शिडी विसरून गेला.

मग सुरू झाले आपले गुरुवार.
तू हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रात्रपाळीला, रक्ताच्या नळ्यांना चिठ्ठ्या लावत,
इथं तुझी खुनांची मालिका रेकॉर्ड होत,
नऊ ते दहा.
तासाला दोन जीबी, डिस्क सगळी चाळीसची,
नवा खून ठेवायचा तर जुना पुसावा लागे.

पण त्याआधी स्नूकर असायचं, आणि ते लांबायचं.
काळा चेंडू भोकाच्या काठावर येऊन रेंगाळायचा.
कॉम्प्युटरला त्याचं काय?
दहाच्या ठोक्याला तो फाइल मिटायचा,
खुनी सापडायला पाच मिनिटं असताना.
आणि मी साडेनवालाच घोरत.

शुक्रवारी सकाळी तू शेवटपर्यंत पाहायचीस,
अंगात कोट तसाच,
आणि विचारायचीस, कुणी केला?
माळ्यानं, मी सांगायचो.
पुढच्या खेपेला, पाद्र्यानं, वारसाहक्कासाठी.
एकदा काहीच सुचेना, तर घोड्यानं.
तू ब्रेडला लोणी लावत म्हणालीस, वाटलंच मला.

दोन हजार अकराच्या सप्टेंबरात जुना सिग्नल बंद झाला.
त्या रात्री मी उगीच शोध लावून पाहिला.
देश बरोबर होता.
शून्य चॅनेल सापडले.

तू मागे उभी राहून केबल गुंडाळत होतीस,
अंगठा आणि कोपराभोवती, लोकर गुंडाळतात तशी.
म्हणालीस, खरा खुनी मला डोरीन सांगायची,
पहाटे चारच्या चहाला, दर वेळी.
मी वळून पाहिलं.
मग मला कशाला विचारायचीस?

केबलचं टोक खिडकीशी अडकलं होतं.
तू ते सोडवलंस, पायमोजा पुन्हा फटीत नीट बसवलास.
घोडा छान होता, म्हणालीस.