चार बावन्नची बस

मंगळवारी आणि शनिवारी येते ही बस.
बाकीचे दिवस नुसता खांब उभा रस्त्याकडेला,
त्यावर प्लास्टिकच्या आत ओल धरलेलं वेळापत्रक.
साडेनऊनंतर माझा पास चालतो.
त्यावरच्या फोटोत मी
'हरवले आहेत'च्या जाहिरातीतल्यासारखी दिसते.

स्किप्टनहून निघतो आम्ही : मी, ईनिड थॅकरे,
कॉलेजातली दोन पोरं, आणि एक म्हातारा
ज्याचा कुत्रा सीटवर बसतो आणि तो स्वतः उभा.

ईनिड आता चढ चढत नाही.
गुडघ्यात धातू बसवलाय, उतरणीवर तो बोलतो म्हणते.
तिनेच दाखवली मला ही वाट, अकरा वर्षांपूर्वी,
लॅबमधून नुकती निवृत्त झाले होते मी
आणि वार विसरायला लागले होते.
"गाडी घेऊन येणारे," ती म्हणाली होती,
"गोल गोल फिरतात बिचारे,
लावली तिथेच परत यावं लागतं ना त्यांना.
आपलं काय,
एका दरीत उतरायचं, दुसरीत चढायचं."
मला ते फार आवडलं.
का, ते तिला सांगितलं नाही.

हॉथरबीला मी उतरते. दहा वीस.
बस तिला घेऊन पुढे जाते.
वाफ धरलेल्या काचेवर तिने बाण काढलाय, डावीकडे,
जणू मला वाट ठाऊकच नाही.

चर्चच्या मागून, मग दगडी कुंपणातली फट,
इतकी अरुंद की मेंढी अडते,
आणि जाडा कोट घातला की मीही.
निळा ठिपका मारलेल्या मेंढ्या संपून लाल लागल्या
म्हणजे मालक बदलला.
मग चिखल. तो बारा महिने असतो,
घरच्यासारखा वागतो.

वर टिटव्या.
परिंच्यात टिटवी ओरडली की आई
चुलीवरचं सोडून यायची तिला हाकलायला.
इथे लोक दुर्बिणी घेऊन येतात तिच्यासाठी.
मी थांबते, ऐकून घेते, चालू लागते.

माथ्यावर दशमी, ईनिडच्या चीजबरोबर.
ती दशमीला पॅनकेक म्हणते,
दुरुस्त करणं मी सोडून दिलंय.
खाली रस्त्यावरून एक हिरवी काडेपेटी
सरकत जाते. ही दुपारची फेरी,
ईनिड हिच्यात नाही, ती चारच्या बसने यायची.
तरी हात हलवते.

उतरताना चुकले.
नेच्यात वाट बुडालेली,
ओढा यायला हवा तिथे भिंत आली.
चार एक्केचाळीस.
आता चुकली तर थेट शनिवारी.
शेवटचं शेत पळत पार केलं, या वयात,
गायी रवंथ थांबवून बघत राहिल्या.
रस्त्याला लागले तर थांबा नाहीच, नुसतं वळण.

आमच्या एसटीवर लिहिलेलं असायचं,
हात दाखवा, गाडी थांबवा.
दाखवला.
हात दाखवून अवलक्षण :
बस गेली, डबक्यातलं पाणी
माझ्या अंगावर ठेवून.

मग शंभरेक पावलांवर लाल दिवे लागले.
"मी नाही थांबलो," ड्रायव्हर म्हणाला,
"घंटीवरचं बोट हिने काढलंच नाही."

ईनिड पुढच्या सीटवर. शेजारची जागा
पिशवी ठेवून धरलेली.
मला अजून धाप लागलेली
आणि ती विचारते,
लार्चपाशीचं फाटक
निळ्या दोरीनेच बांधलंय ना अजून?
दोरी तीच, मी म्हणते. गाठ बदललीये.
"कशी?"

तिच्या पिशवीच्या बंदांना
मी ती बांधून दाखवते.
स्किप्टन येईपर्यंत
आम्हा दोघींना ती सोडवता येत नाही.