वारं लागू नये म्हणून

तार्तू. फेब्रुवारी. रात्रीचे दोन.
खिडकीबाहेर उणे एकोणीस,
भट्टीच्या नळीत सातशे,
मधे मी, दोन स्वेटर घालून.

नळीत बोटभर लांबीची होडी,
होडीत काळी पूड:
पीटचा कोळसा, मॉलिब्डेनमच्या क्षारात भिजवून वाळवलेला.
पीट आमच्याच दलदलीचं.
बाबा उन्हाळाभर ते कापायचे, विटा उन्हात मांडायचे,
हिवाळाभर आम्ही पाठी शेकायचो.
त्यांना सांगितलं, आता त्याच्या एका ग्रॅमात
पाच टेनिसची मैदानं मावतात,
इतकी भोकं आहेत आत.
म्हणाले, म्हणजे विद्यापीठ तुला भोकं पाडायचा पगार देतं?

देतं. भोकांच्या काठाकाठानं
धातूचे कण बसवायचे, सुटे सुटे.
जवळ आले की एकमेकांत मिसळतात,
सुस्तावतात, कामातून जातात.
म्हणून मिनिटाला एक अंश. घाई नाही.
बाटलीत अमोनियाचे बुडबुडे मोजत बसायचं,
एक, मग बऱ्याच वेळानं
दुसरा,
नायट्रोजन धातूच्या हाडीमांसी मुरेपर्यंत.
कुठे गळती झालीच
तर यंत्राच्या आधी नाक ओरडतं.

मागच्या वर्षी केर्तूनं झाकण लवकर काढलं.
नळी गार होती. हात ठेवता येत होता.
पूड बाहेर आली
आणि काळ्यातून एक तांबडी रेघ
चालत गेली या टोकापासून त्या टोकापर्यंत,
सावकाश, रस्ता माहीत असल्यासारखी.
मागे पिवळट राख. नऊ दिवस.
केर्तू रडली नाही. वहीत वेळ लिहिली: ३.१०.
मग कोट विसरून घरी गेली.

तेव्हापासून शेवटचे बारा तास मी बसते.
भट्टी बंद. आर्गॉन वाहता,
त्यात शंभरात एक भाग ऑक्सिजन, तोही जपून,
बाळंतिणीच्या खोलीचं दार
बोटभर किलकिलं करावं तसा.
कणांवर साय धरते. दिसत नाही.
पण तिच्याच जोरावर ते उघड्यावर निभावतात.

हे पीट हजारो वर्षं टिकलं
ते वारं लागलं नाही म्हणून.
पहाटे चारला असलं काहीबाही सुचतं.

सकाळी वजन: एकशे बारा मिलिग्रॅम.
चमच्याच्या टोकाला जेमतेम.
होडीला चिकटलेलं ब्रशनं झाडते,
श्वास रोखून.

आठला बाबांचा फोन.
सवयीनं विचारतात, काय, पेटलं का नीट?
नाही बाबा. अजिबात पेटलं नाही.

अरेरे, म्हणतात,
ओलं असेल.