अल्टो, दुसरी रांग

मस्कॅटीनच्या जुन्या पंपघरात
दर मंगळवारी साडेसहाला तालीम.
तालीम म्हटलं की मला अजून लाल माती आठवते,
दंड थोपटणारी पोरं.
इथे घडीच्या खुर्च्या, कॉफीचा थर्मास,
आणि फरशीभर चिकटपट्ट्या.

निळी पट्टी म्हणजे नदी.
पिवळी, बटणांच्या कारखान्याची भिंत.
खरी मिसिसिपी शंभर पावलांवर वाहतेय,
तिच्याकडे कुणी बघत नाही.
सगळे खाली मान घालून चालतात,
पट्टीवर पाय पडू नये म्हणून.
"ब्रेंडा, तू आत्ता भिंतीतून आलीस," मार्लिस म्हणते.
मी परत जाते.
नसलेलं दार उघडते. आत येते.

यादीत मी ब्रेंडा आहे.
वृंदा, वृंदा, असं दोनदा सांगितलं, मग सोडून दिलं.
कामगार स्त्री क्रमांक चार. वाक्य एकच:
"पाणी चढतंय."
ते घाबरून म्हणायचं की नुसतं कळवायचं
ह्याचा विचार मी दिवसभर लॅबमध्ये करते,
गावाच्या नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मोजताना.

पहिल्या दिवशी ड्वाइटने पियानोवर
एकेक पट्टी खाली उतरवत नेलं मला.
बाकीच्या थांबल्या तिथे मी थांबले नाही,
तळघराच्या पायऱ्या चाचपत उतरावं तशी
उतरतच राहिले.
"अल्टो," तो म्हणाला,
डॉक्टर रक्तगट सांगतात तसं.
बावन्न वर्षं मला हे माहीत नव्हतं.
शाळेत स्नेहसंमेलनाला बाई म्हणाल्या होत्या,
तू नुसते ओठ हलव.

आता अडचण अशी, की आमच्याकडे चाल एकच.
बारशाचा पाळणा म्हणताना वीस बायका, वीस गळे,
बेसूर झाल्या तरी
सगळ्या मिळून त्याच वाटेने बेसूर.
इथे वर सोप्रानो निघतात चाल मिरवत,
आणि मी खाली, एकाच सुरावर,
सात ठोके.
मग अर्धा सूर वर. पुन्हा खाली.
एकटीने म्हटलं तर ते गाणंच नाही.
घरी म्हणून दाखवलं,
मुलगा म्हणाला, आपला फ्रीज असाच वाजतो.

आणि मी घसरते. दर वेळी तिसऱ्या ओळीला
चालीमागे निघून जाते,
जत्रेत पोर फुगेवाल्यामागे जातं तशी.
डाव्या हाताला लोर्ना हेगडॉर्न, वय एक्क्याऐंशी.
ती काही बोलत नाही.
पेन्सिलीचं खोडरबराचं टोक
हळूच माझ्या दंडाला टेकवते.
मी परत येते.

तिची आजी खरंच ह्या गावात बटणं कापायची.
मागच्या मंगळवारी लोर्नाने पर्समधून
नदीतला एक शिंपला काढला, सहा गोल भोकं पडलेला.
"हे सहा शर्ट," म्हणाली.
सगळ्यांनी हातात घेऊन पाहिला.
एझेकिएलने भोकाला डोळा लावून मार्लिसकडे बघितलं
आणि ओरडा खाल्ला.

त्या रात्री बर्फ पडलं.
पंपघराबाहेर मी गाडीची काच खरवडत होते,
सात ठोके, अर्धा सूर वर,
दोन गाड्या सोडून लोर्ना तिची काच खरवडत होती.
अचानक तिने चाल धरली.
सोप्रानोची. मुद्दाम. मला ओढून न्यायला.
फाटका, पिवळा पडलेला आवाज,
पण चाल तीच, मिरवणारी.
तिसरी ओळ आली.
मी खालीच राहिले.
बहुतेक.
मधल्या हवेत काहीतरी उभं राहिलं,
तिचंही नव्हतं, माझंही नव्हतं.

मग तिची गाडी सुरू होईना,
आणि आम्ही डिकी उघडून
केबल शोधायला लागलो.