पाच बोटं

विडी घरकुलात दुपारचे तीन.
व्यंकटम्मा हात धुतेय. साबणानं,
मग लिंबाच्या सालीनं, मग राखेनं.
हजार विड्यांचा वास
नखांच्या कडेला राहतोच तरी.

श्रावंतीला आज सातवं लागलं.
पोरं येणार अकरा, बिनबोलावती धाकटी वेगळी.
मी शेजारीण, शेंगा उकडायला आलेली.
परातीत कडक भाकरी मोडून ठेवलीय, बोटबोटभर,
शेंगाचटणी दह्यात कालवलीय,
तिखट लागू नये म्हणून गुळाचा खडा.

आणि सकिनालू!
तांदळाचं पीठ, तीळ, ओवा;
विडी वळणाऱ्या त्याच बोटांनी
धुवट लुगड्यावर वळलेले,
गोलाभोवती गोल, मधे भोक.

पोरं आली. दारात चपलांचा ढीग,
भिंतीपलीकडे मागाची खटखट.
इरेशनं भाकरी घेता घेता विचारलं,
"काकू, तुमच्या हाताला कसला वास येतो?"

व्यंकटम्माचा हात पदरात गेला.
मी उगाच शेंगांचं झाकण उघडलं.

श्रावंतीनं ऐकलं की नाही, कोण जाणे.
तिनं पाची बोटांत सकिनालू घातले,
अंगठ्यात सुद्धा, तो जरा तुटला,
आणि एकेक बोट
कुर्रकुर्र खात सुटली.

मग काय, सगळ्यांनाच अंगठ्या हव्या.
इरेशनं तर दोन्ही हात पुढे केले:
"काकू, मला दहा!"

पदरातला हात बाहेर आला.
चिमुकल्या बोटांत एकेक घालत राहिली ती,
डबा रिकामा होईतो.

केक सहाला आला.
सात मेणबत्त्या विझल्या, टाळ्या झाल्या.
अर्धा तसाच राहिला.